घर तेच, प्रांत निराळा

इंदूर, उज्जैन, धार, देवास किंवा ग्वाल्हेर येथील एखाद्या जुन्या मराठी घरातली कागदांची पेटी उघडली, तर तळाशी मोडी अक्षरांतला एखादा कागद हमखास सापडतो. त्यावर होळकर, शिंदे किंवा पवार सरकारचा शिक्का असतो. त्याच्या वरच्या थरात एखादा वाटणीपत्राचा किंवा कोर्टाचा कागद असतो आणि त्यावर ‘मध्यभारत’ असे छापलेले असते. त्याहीवर घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले, वीजबिले. त्यांवर मध्यप्रदेशाचे नाव. पेटी एकाच माजघरात राहिली, घरातल्या कुणी बिऱ्हाड हलवले नाही, आणि तरीही तीन सरकारे येऊन आपापला कागद ठेवून गेली.

देश प्रांतांत कसा विभागला जातो, हा विषय शाळेतल्या मुलाला रंगीत नकाशाचा वाटतो. माळव्यातल्या मराठी माणसाला तो या पेटीतल्या कागदांचा आहे. गेल्या तीनशे वर्षांत आपला हा प्रदेश तीन निरनिराळ्या तत्त्वांवर वाटला गेला: आधी सनदांच्या, मग कारभाराच्या सोयीच्या, आणि शेवटी भाषेच्या. प्रत्येक वाटणीने आपल्याला काही दिले आणि काही काढून घेतले. या देण्याघेण्याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहण्याजोगा आहे. कारण शेवटच्या वाटणीत आपल्या वाट्याला जे आले, ते अजून हातचे गेलेले नाही.

सनदांची वाटणी

पेशव्यांच्या फौजा १७३० च्या आसपास माळव्यात पाय रोवू लागल्या, तेव्हा सरदारांमध्ये प्रथम वाटला गेला तो वसूल. अमुक परगण्याच्या उत्पन्नातला एवढा हिस्सा होळकरांचा, एवढा शिंद्यांचा, एवढा पवारांचा, अशी ती रीत होती. पुढे वसुलाचा मुलूख झाला, पण तो जसा मिळाला तसाच राहिला, तुकड्यातुकड्यांनी. त्यामुळे १९४७ पूर्वीचा माळव्याचा नकाशा आजीने शिवलेल्या गोधडीसारखा दिसे. होळकरांचे इंदूर, महेश्वर आणि खरगोण इकडे, तर रामपुरा-भानपुरा पार उत्तरेला. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला, परंतु उज्जैन, मंदसौर आणि शाजापूरही त्यांचेच. इंदुराहून महाकालाच्या दर्शनाला निघालेला गृहस्थ पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या वाटेत होळकरांच्या राज्यातून शिंद्यांच्या राज्यात जाई. महूला इंग्रजांची छावणी होती. खुद्द इंदुरात रेसिडेन्सीच्या हद्दीत होळकरांचा हुकूम चालत नसे. १८५४ साली सेंट्रल इंडिया एजन्सी स्थापन झाल्यावर गव्हर्नर जनरलचा एजंट याच रेसिडेन्सीत बसून मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांवर देखरेख करीत असे.

या गोधडीतला सर्वांत गमतीचा तुकडा देवासचा. पवारांच्या दोन भावांकडून दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे आणि दोन कारभार पिढ्यान् पिढ्या नांदले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने १९५३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि आपल्या शेजारच्या या गावाचे नाव विलायतेतल्या वाचकांपर्यंत गेले. परक्याला ज्याचे नवल वाटे, ते देवासकराच्या अंगवळणी पडलेले होते. सरकार म्हणजे नकाशावरची सलग जागा असते, ही कल्पनाच मुळी त्या काळी आपल्याकडे रूढ नव्हती.

गोधडीचे हे तुकडे एकदा जिथे पडले तिथेच राहिले, याचे कारण १८१८. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसौरचा तह झाला आणि ज्याच्या हाती जे होते ते इंग्रजांच्या हमीने कायम झाले. त्याच तहात होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख गेला. त्याच वर्षी इंदूर ही राजधानी झाली. माळव्यातल्या मराठी वस्तीच्या दृष्टीने हा एक मोठाच बदल होता. तोवर खानदेशातून वर येणे आणि खाली जाणे म्हणजे एकाच दौलतीत फिरणे होते. १८१८ नंतर सातपुडा ही सरहद्द झाली. पुण्याकडचे सोयरे परमुलखातले झाले, आणि इकडचे मराठी लोक इकडचेच झाले. पुढे १९५६ साली भाषेच्या नावाने रेघ ओढली गेली तीही बव्हंशी याच डोंगराच्या आसपास पडली. ती रेघ नवी आहे असे आपण समजतो, परंतु तिचा पहिला आराखडा मंदसौरला झालेला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संस्थानी काळ आठवताना आपल्या घरांतून जो उमाळा दाटतो, तो समजण्यासारखा आहे. दफ्तरात मोडी होती, दरबारात मराठी होती, गणेशोत्सवाला राजाश्रय होता. पण माळवी किंवा निमाडी बोलणारा शेतकरी त्याच दफ्तरात जाई, तेव्हा त्याच्या सारावसुलीचा हिशेब त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिलेला असे. राज्य करणाऱ्यांची भाषा आणि राज्यात राहणाऱ्यांची भाषा वेगळी असणे, हा दोष पुढे भाषिक प्रांतांच्या मागणीने दाखवून दिला. त्या वेळी आपण दोषाच्या सोयीच्या बाजूला होतो, इतकेच.

सोयीची वाटणी

स्वातंत्र्य आले तेव्हा देशात ब्रिटिशांचे प्रांत होते आणि साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. त्यांचे एकीकरण करणे हे सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्यापुढचे काम. माळव्यात अडचण संस्थानांच्या संख्येची होती, त्याहून अधिक दोन मोठ्या घराण्यांच्या बरोबरीची होती. शिंदे आणि होळकर यांच्यापैकी कोणी कोणाच्या हाताखाली जायचे? शेवटी २२ एप्रिल १९४८ रोजी करार झाला आणि २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेर, इंदूर, धार, दोन्ही देवास, रतलाम, जावरा, झाबुआ, बडवानी आणि इतर मिळून वीसहून अधिक संस्थाने त्यात आली. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. आणि राजधानीचा तंटा मिटावा म्हणून दोन राजधान्या ठरल्या: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर.

सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावरच्या या दोन शहरांमध्ये ऋतूबरोबर सरकार ये-जा करी, आणि सरकारबरोबर फायलींच्या पेट्या व कारकुनांचे संसार. ही व्यवस्था खर्चाची होती यात शंका नाही. परंतु मध्यभारताने एक मोठे काम केले, ते विसरले जाते. दोनशे वर्षांची गोधडी त्याने उसवली आणि सोळा सरळ जिल्हे केले. देवासच्या दोन पात्यांचा एक जिल्हा झाला. इंदूर आणि उज्जैन एका सरकारखाली आले. आज आपण ‘माळवा’ असे एका दमात म्हणतो. तो कागदावर एक झाला तो या काळात. ते राज्य अवघे साडेआठ वर्षांच्या आत संपले, म्हणून त्याची आठवण पेटीतल्या मधल्या थरापुरती राहिली.

१९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा देशातली राज्ये वर्गवारीने बसवलेली होती. ‘अ’ वर्गात पूर्वीचे गव्हर्नरांचे प्रांत, एकूण ९. ‘ब’ वर्गात मोठी संस्थाने आणि त्यांचे संघ, एकूण ८. मध्यभारत आणि हैदराबाद त्यांतले. ‘क’ वर्गात भोपाळ, विंध्यप्रदेश, अजमेर असे लहान प्रदेश, एकूण १०. अंदमान-निकोबार एकटे ‘ड’ वर्गात. ही वर्गवारी इतिहासाने दिलेली होती. ज्याला जशी सनद किंवा जसा कायदा मिळालेला, तसा त्याचा वर्ग. ती टिकण्याजोगी नव्हती हे सर्वांना दिसत होते. मात्र तिच्या जागी काय आणायचे, यावर एकमत नव्हते.

भाषेची वाटणी

भाषेप्रमाणे प्रांत ही कल्पना काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या संघटनेपुरती मान्य केलेली होती. १९४८ साली मात्र न्यायमूर्ती दार यांच्या आयोगाने भाषा हा प्रांतरचनेचा पाया होऊ नये असा अभिप्राय दिला. त्यानंतर जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी सीतारामय्या या तिघांच्या समितीने १९४९ साली सावधपणे थांबण्याचा सल्ला दिला. १५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलू उपोषणात मरण पावले आणि थांबणे अशक्य झाले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. संसदेने कायदा केला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश असा नवा नकाशा अमलात आला. अ, ब, क, ड हे वर्ग गेले.

या साऱ्या घडामोडींत मराठी माणसाची मागणी एकाच शब्दात सांगायची तर ‘संयुक्त’ ही होती. त्या मागणीला १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना जोर चढला. दैवाचा खेळ असा की ते बेळगावच १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि तरीही बेळगावकरांच्या पेटीतला वरचा कागद कर्नाटकाचाच राहिला.

इतर शहरांतल्या मराठी घरांचे काय झाले तेही पाहावे. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा तिथल्या मराठी घरांना अकरा वर्षे तरी मराठी बोलणाऱ्यांच्या मोठ्या राज्यात राहायला मिळाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, त्याच दिवशी बडोदे गुजरातेत गेले. हैदराबाद संस्थानाचे १९५६ साली तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला मिळाले, आणि हैदराबाद शहरातली मराठी कुटुंबे आंध्र प्रदेशात राहिली. २ जून २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. भाषेचा न्याय जिल्ह्याला आणि तालुक्याला लागू पडतो. राजधानीच्या शहरात चाकरीसाठी, पेढीसाठी, विद्येसाठी येऊन राहिलेल्या माणसाला तो लागू पडत नाही. त्याच्या भाषेखाली सलग जमीन नसते.

आता आपल्याकडे या. नव्या मध्यप्रदेशाची बांधणी मोठी विलक्षण होती. ‘अ’ वर्गातला जुना मध्यप्रदेश, ‘ब’ वर्गातला मध्यभारत, ‘क’ वर्गातले भोपाळ आणि विंध्यप्रदेश, अशा तिन्ही वर्गांच्या राज्यांतून तो घडला. राजस्थानकडून सिरोंज आले. हे सिरोंज एके काळी होळकरांनी अमीरखानाला दिलेले, म्हणून ते टोंक संस्थानात आणि पुढे राजस्थानात गेलेले होते. त्याच्या उलट, भानपुरा तहसिलीतला सुनेल टप्पा राजस्थानला गेला. सनदांच्या काळात पडलेले दोन टाके या वेळी उसवून नीट घातले गेले. सुमारे १,७१,००० चौरस मैलांचे हे राज्य १९६० पासून देशात आकाराने सर्वांत मोठे ठरले.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. जुना मध्यप्रदेश द्विभाषिक होता. त्याची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने तिथे हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान दिलेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे त्यातून निघून मुंबई राज्यात गेले. म्हणजे ज्या दिवशी इंदूर आणि ग्वाल्हेर मध्यप्रदेशात आली, त्याच दिवशी मध्यप्रदेशातून मराठी जिल्हे गेले. आपण दाराशी पोचलो आणि मराठी दुसऱ्या दाराने बाहेर पडली. हे जिल्हे राहिले असते तर आपण एका द्विभाषिक राज्याचे नागरिक झालो असतो. पण विदर्भाने आपल्यासाठी अडून राहावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. मागे राहिले ते बऱ्हाणपूर, सौंसर, पांढुर्णा, मुलताई यांसारखे सीमेवरचे मराठी मुलूख, आणि आपण, म्हणजे शहरांतून विखुरलेली घरे.

कचेऱ्यांची वाटणी

प्रांत बनतो तो रेघेने जितका, तितकाच कचेऱ्यांनी. चार राज्ये एकत्र आली म्हणजे चार सचिवालये, अनेक न्यायालये आणि हजारो नोकर एकत्र आले. आयोगाच्या मते राजधानीला योग्य गाव जबलपूर होते. राजधानी झाली भोपाळ. मग भाऊबंदांच्या वाटणीत जसे एकाला घर मिळाले तर दुसऱ्याला विहीर आणि तिसऱ्याला आमराई द्यावी लागते, तसे झाले. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला, त्याची खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेरला. महसूल मंडळ आणि महालेखापालाची कचेरी ग्वाल्हेरला. लोकसेवा आयोग इंदूरला. वीज मंडळ जबलपूरला. दूर कोपऱ्यातल्या जमीनमालकाला महसुलाच्या दाव्यासाठी ग्वाल्हेरला आणि नोकरीच्या परीक्षेच्या तक्रारीसाठी इंदूरला जावे लागते, याचे मूळ या वाटणीत आहे. तिला कुणी नावे ठेवोत; तिच्यामुळे चार घरे एका छपराखाली आली आणि भांडण चव्हाट्यावर आले नाही. नागपूरला मात्र राजधानी गमावावी लागली. त्याची भरपाई म्हणून नागपूर कराराप्रमाणे तिथे विधिमंडळाचे एक अधिवेशन भरू लागले.

नव्या राज्याचे पहिले राज्यपाल पट्टाभी सीतारामय्या होते. भाषिक प्रांतांबाबत सबुरीचा सल्ला देणाऱ्या तिघांपैकी ते एक. त्यांनी हिंदी भाषिक म्हणून एकत्र केलेल्या या भल्यामोठ्या राज्यात पहिल्या मुख्यमंत्र्यांना, रविशंकर शुक्लांना, शपथ दिली, आणि वर्ष संपण्याआधीच, ३१ डिसेंबरला, शुक्ल वारले. ‘हिंदी भाषिक’ या एका शब्दात माळवी, निमाडी, बुंदेली, बघेली आणि छत्तीसगढी या सर्व बोली गोळा केलेल्या होत्या. त्यांतल्या छत्तीसगढीने पुढे आपले घर वेगळे मागितले. १ नोव्हेंबर २००० रोजी, बरोबर ४४ वर्षांनी, त्याच तारखेला छत्तीसगढ झाले आणि सर्वांत मोठे राज्य हा मान गेला.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. प्रांत ही कायमची चीज नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने नवे राज्य करू शकते, जुन्याची सीमा आणि नाव बदलू शकते. राज्याच्या विधानसभेचे मत विचारावे लागते, ते मानण्याचे बंधन नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी राज्य झाले. देशात १९५६ साली १४ राज्ये होती, २०२० पासून २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. प्रांत बदलण्याची ही सत्ता दिल्लीकडे आहे. तेव्हा प्रांताच्या भरवशावर भाषा ठेवून निश्चिंत बसणे कोणालाच परवडणारे नाही. ज्यांच्या भाषेचे राज्य आहे त्यांनाही नाही.

दहा मुलांची मर्यादा

भाषेची वाटणी करणाऱ्यांना आपल्यासारखे लोक दिसले नव्हते असे नाही. रेघ कुठेही ओढली तरी काही माणसे पलीकडे राहणारच, हे आयोगाने स्पष्ट ओळखले होते. म्हणून त्यांनी संरक्षणाची एक शिडी सांगितली, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर एक आकडा आहे.

राज्यात एका भाषेचे लोक ७० टक्के किंवा अधिक असतील तर ते एकभाषिक मानावे. दुसऱ्या भाषेचे ३० टक्क्यांच्या आसपास असतील तर द्विभाषिक. एखाद्या जिल्ह्यात राज्यातल्या अल्पसंख्य भाषेचे लोक ६० टक्के असले तर त्या जिल्ह्यात त्यांच्या भाषेलाही कारभारात स्थान मिळावे, असे १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. एखाद्या भागात १५ ते २० टक्के असले तर सरकारी सूचना त्या भाषेतही छापाव्यात. या पायऱ्या चढताना आपल्या शहरांतली मराठी वस्ती मागे राहते. दोन-चार पेठांत मराठी कितीही कानी पडो, राज्याची मोजणी केली की ती पातळ होऊन जाते.

पण शिडीच्या अगदी तळाची पायरी वेगळी आहे. शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेने असे ठरवले होते की शाळेत एखाद्या भाषेची ४० मुले असली, किंवा एका वर्गात १० असली, तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेत देण्याची सोय करावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे त्यात सांगितले आहे. त्याच्या पुढच्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एका विशेष अधिकाऱ्याची नेमणूक ठरवली. ‘प्रयत्न करावा’ हा शब्द मवाळ आहे हे खरे. कायद्यातला मवाळ शब्द मागणाऱ्याच्या हाती असतो. मागणारा नसला की तो कागदावरच राहतो.

तर शेवटच्या वाटणीत आपल्या वाट्याला आला तो हा आकडा: वर्गात दहा. होळकरांचे दफ्तर गेले, दोन राजधान्या गेल्या, द्विभाषिक राज्य दाराशी येऊन गेले, आणि हाती हा दहाचा आकडा राहिला. तो लहान दिसतो. पण त्याच्यासाठी जिल्हा लागत नाही, मोर्चा लागत नाही, आयोग लागत नाही. दहा पालक लागतात, आणि मुलाचा दाखला भरताना मातृभाषेच्या रकान्यात त्या दहाजणांनी ‘मराठी’ लिहावे लागते.

हा रकाना शिरगणतीतही असतो, आणि तिथे त्याची व्याख्या मोठी सुंदर आहे. आपल्या देशाच्या शिरगणतीत मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्या मुलाशी जी भाषा बोलली ती. आई मुलाच्या तान्हेपणीच गेली असेल तर घरात जी भाषा मुख्यतः बोलली गेली ती. माणसाचे आडनाव, कूळ, कुलदैवत किंवा मूळ गाव यांपैकी काहीही त्यात विचारले जात नाही. पंत, सरदार, जहागिरदार अशी कितीही जुनी उपपदे दारावरच्या पाटीवर असोत, त्या घरातली आई बाळाशी हिंदीत बोलत असेल, तर त्या बाळाची मातृभाषा न्यायाने हिंदीच आहे. त्याबद्दल त्या आईला दोष देण्याचे कारण नाही. हिंदी ही इथल्या मातीची भाषा आहे, आणि तिच्याशी आपले वैर कधीच नव्हते. इंदुरात १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरले आणि लगेच १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. १९३५ साली तर एकाच वर्षात दोन्ही संमेलने या शहराने आपल्या अंगणात बसवली. दोन भाषांना एका पंगतीला बसवण्याची रीत इथे सरकारी आदेशाने आलेली नाही, शहराच्या स्वभावाने आलेली आहे.

मात्र पंगतीत दोघींनी बसायचे तर दोघींचे पान वाढलेले हवे. आपल्या घरांत दोन शिरगणतींच्या मधल्या काळात जे घडते, ते त्या रकान्यात उतरते. २०२१ ची शिरगणती लांबणीवर पडली आणि पुढे तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. म्हणजे मधे सोळा वर्षांचा खंड. एवढ्या काळात जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली. गणना करणारा दाराशी येतो, घाईत असतो, आणि ‘हिंदीच ना?’ असे स्वतःच म्हणून पुढच्या रकान्याकडे वळू पाहतो. घरातले जे माणूस दार उघडते, ते बहुधा ‘हो, हो’ म्हणते, कारण बाहेर चहा थंड होत असतो आणि या उत्तराने काही अडत नाही असे वाटते.

अडते ते पुढे. मराठी शाळेचा वर्ग बंद करायचा की ठेवायचा, ग्रंथालयाला मराठी पुस्तकांसाठी रक्कम द्यायची की नाही, बालवाडीला मराठी शिक्षिका हवी की नको, हे ठरवणारा अधिकारी आकडा पाहतो. आकड्यात आपण नसलो तर आपण आहोत हे त्याला कुणी सांगायचे?

प्रांताच्या सीमा आपण ओढल्या नाहीत आणि पुन्हा ओढल्या गेल्या तर त्या वेळीही आपल्याला कुणी विचारणार नाही. तो संसदेचा अधिकार आहे. दाराशी आलेल्या गणकाला थांबवून ‘मराठी लिहा’ असे सांगण्याचा अधिकार मात्र आपला आहे, आणि त्याआधी, तसे सांगणे खरे ठरावे म्हणून, बाळाशी मराठीत बोलण्याचा. घरातली आजी आणि आई हे काम आजवर विनाबोभाट करीत आल्या. त्यांना त्यासाठी कोणत्याही सरकारचा शिक्का लागला नाही.